येलदरीच्या पाण्यावर एक ढगाळ दिवस

गोरेगावहून सेनगावमार्गे जिंतूरच्या रस्त्याला लागले, की येलदरीचे धरण येते. पूर्णा नदीवरचे हे धरण १९६८ साली पुरे झाले. येथून सुटणारे पाणी आधी वीज तयार करते, मग खाली सिद्धेश्वरच्या धरणात थांबते आणि तेथून कालव्यांनी परभणी, हिंगोली, नांदेडकडच्या शेतांत जाते. याच पाण्यावर कितीतरी भोई कुटुंबांची चूलही पेटते.

मृग लागला होता, पण पेरणीजोगा पाऊस नव्हता. तिफणी तयार ठेवून वाट पाहणारी आम्ही सात मंडळी गळ घेऊन निघालो. तलावातल्या मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे असतो, म्हणून आधी त्यांना विचारून घेतले. काश्मीरच्या थंडगार ओढ्यांत इंग्रजांनी ट्राउट मासा आणून सोडला. हौशी लोक तो पिसांची खोटी माशी लावून धरतात. आपल्या कोमट पाण्यात तो जगायचा नाही. आपला सरंजामही साधा: बांबूची काठी, नायलॉनची दोरी, तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा आणि गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी.

सोबतच्या भोईबाबांना पाण्याची चांगली पारख. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी; त्याप्रमाणे दोरी लांब-आखूड करायची. सकाळच्या कडक उन्हात काहीच लागेना. दहाच्या सुमारास आभाळ भरून आले, गार झुळूक सुटली आणि धांडे बुडू लागले.

दुपारी एकाच्या गळाला पाच-सहा किलोचा रोहू लागला. सगळ्यांनी हात लावून तो काठाशी ओढला. पोट टम्म फुगलेले. बाबा म्हणाले, "गाभोळीची हाये. पूर आला की चढणीला लागंल. जाऊ द्या तिला." त्या गड्याच्या घरी लेक-जावई आले होते. तो घटकाभर मासळीकडे पाहत राहिला. मग त्याने हलकेच गळ काढला आणि तिला पाण्यात सोडले.

बाबांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. रोहू साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाही. त्याला पुराचे वाहते पाणी लागते. मादी वजनाच्या दर किलोमागे सुमारे दोन लाख अंडी देते, पण त्यांतली थोडीच जगतात. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांना पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून अंडी घालायला लावली. त्यामुळे आज मत्स्यबीज विकत मिळते आणि ते शेततळ्यात सोडता येते. नदी-ओढ्यांची भिस्त मात्र अजून अशा आयांवरच आहे.

तीनला विजा कडाडल्या. बाबांनी काठ्या खाली ठेवायला लावल्या आणि एकट्या उभ्या झाडाखाली न थांबता सगळ्यांना पक्क्या इमारतीत नेले. पाण्याकाठी असा प्रसंग आला तर हेच करावे; मासा उद्याही मिळतो.

पहिल्या पुरात कयाधूला मिळणाऱ्या ओढ्यांतही मासे चढतात. त्यांना काठ्यांनी झोडपायचा मोह होतो. एका दिवसाचे कालवण होते आणि वर्षाचे मासे जातात. बियाण्याचे पोते कोणी शहाणा शेतकरी दळायला नेत नाही.