उंच टोला

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही बिरसीस गेलों होतों. धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या होत्या, आणि विमानतळाजवळच्या एका बांधींत मुलांचें क्रिकेट रंगलें होतें. चेंडू बोडींत पडला तर मारणारा बाद, आणि तो चेंडूहि त्यानेंच काढून आणावयाचा, असा त्यांचा नियम. आमच्या पुतण्यानें तिसराच चेंडू बोडींत धाडला.

“अरे, जमिनीलगत मारावा,” आम्ही म्हणालों. वर्गांत हाच उपदेश आम्ही निराळ्या शब्दांत तीस वर्षें करीत आलों आहों.

“काकाजी, तुम्ही कधी बोडीपर्यंत मारला होता काय?”

उत्तर टाळण्यासाठीं आम्ही त्यास नागपूरच्या सी. के. नायडूंची गोष्ट सांगूं लागलों, आणि सांगतां सांगतां आमचाच उपदेश आमच्या आड येऊं लागला.

१९२६ च्या नोव्हेंबरअखेर मुंबईच्या जिमखान्यावर आर्थर गिलिगनच्या एम. सी. सी. संघाशीं हिंदूंचा सामना झाला. पाहुण्यांपैकीं गाय अर्ल यानें ८ षट्कार मारून १३० धावा केल्या. राज्यकर्त्यांपुढें जपून वागावें, ही आपल्या पांढरपेशांची तेव्हांची रीत. आतां ती राहिली नाहीं, असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस नाहीं. पण १ डिसेंबरास नायडू खेळावयास आले, आणि दोन तासांच्या आंत त्यांनीं १५३ धावा केल्या. त्यांत षट्कार ११! एक तर थेट जिमखान्याच्या छपरावर. पाहुण्यांनींच त्यांस चांदीची बॅट अर्पण केली. सामना अनिर्णित राहिला. त्याचें कोणास काय? १९३२ सालीं लॉर्ड्सवर हिंदुस्थान पहिली कसोटी खेळला, तेव्हां कर्णधार नायडूच होते.

योगायोग असा कीं, पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत बेसबॉलच्या हंगामांत बेब रूथनें ६० वेळां चेंडू कुंपणापार धाडला. त्याचा जोडीदार लू गेहरिग याचे असे टोले ४७. त्या लीगमधील तिसरा गडी मात्र १८ वरच थांबला. एकट्या रूथचे टोले त्या लीगमधील दुसऱ्या कोणत्याहि संघाच्या एकंदर टोल्यांहून अधिक भरले. पण त्याच हंगामांत त्या लीगमध्यें सर्वांत अधिक वेळां, म्हणजे ८९ वेळां, चेंडू हुकवून बाद झालेला गडीहि रूथच! ही दुसरी संख्या आम्ही शिक्षक विद्यार्थ्यांस सहसा सांगत नाहीं. पहिली सांगून टाळ्या घेतों, आणि घरीं येऊन आपल्या मुलांस सुरक्षित नोकरीच्या परीक्षेस बसवितों.

पुतण्यानें सारें ऐकून घेतलें. “म्हणजे तुम्ही नाहीं मारला,” तो म्हणाला.

“नाहीं.”

त्यानें हातांतली बॅट आमच्याकडे दिली, पाटलोण गुडघ्यावर दुमडली, आणि तो चेंडू आणावयास पाण्यांत उतरला.