घामाला न जुमानणारा रंग

मेकअप नुसता ‘वॉटरप्रूफ’ करणं फारसं अवघड नाही. मेण आणि सिलिकोन ते काम कधीपासून करताहेत. आम्हा फॉर्म्युलेशन केमिस्टांची खरी डोकेदुखी म्हणजे चेहऱ्याचं तेल. दुपारपर्यंत नाक चमकायला लागतं आणि फाउंडेशन फाटतं. तिथे फ्लुओरिनची संयुगं कामाला येतात. त्यांचा मुलामा दिलेली रंगाची भुकटी पाण्यावर टाका, भिजत नाही. तेलावर टाका, तरी कोरडी ठणठणीत. ग्राहक खूश, कंपनी त्याहून खूश.

ही करामत कार्बन-फ्लुओरिन बंधाची. एवढा चिवट बंध सेंद्रिय रसायनांत क्वचितच सापडतो. ऊन, जिवाणू, आपलं यकृत, कुणालाच तो सहजी दाद देत नाही. 1938 मध्ये टेफ्लॉन अपघातानंच हाती लागलं आणि पुढे या बंधावर उभ्या रसायनांचं, म्हणजे ‘पीफास’चं, खानदान हजारोंच्या घरात गेलं: नॉनस्टिक तवे, डाग न धरणारी सोफ्याची कापडं, तेल न झिरपणारे कागद. त्यातलं पीएफओए रक्तात शिरलं की निम्मं बाहेर पडायलाच काही वर्षं लागतात. 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

2021 मध्ये अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या संशोधकांनी 231 प्रसाधनं तपासली. फाउंडेशन आणि डोळ्यांच्या प्रसाधनांपैकी निम्म्याहून अधिकांत फ्लुओरिन भरपूर निघाला. पुढे ज्यांची बारकाईनं छाननी झाली, त्यातल्या बहुतेकांच्या वेष्टनावर त्याचा पत्ताच नव्हता. तरी घटकांची यादी वाचाच. ‘पीटीएफई’ (म्हणजे टेफ्लॉनच) किंवा ‘परफ्लुओरो’ दिसलं तर डबी परत ठेवा. (टूथपेस्टमधलं फ्लुओराइड वेगळं, त्याला उगाच बदनाम करू नका.)

पण लिपस्टिक लावणारीपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती कारखान्याशेजारी विहिरीचं पाणी पिणारीची. इटलीत विचेन्झाजवळ त्रिस्सिनोला मितेनी कंपनीचा पीफास बनवणारा कारखाना 1960च्या दशकात उभा राहिला. तिथलं भूजल नासल्याचं उघडकीस आलं ते 2013 मध्ये. तोवर हे पाणी लाखोंच्या पोटात गेलं होतं. 2018 मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. तिची यंत्रसामग्री एका भारतीय कंपनीनं लिलावात घेतली आणि ती आली आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत. तिथल्या सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतले मच्छीमार आधीच वर्षानुवर्षं ओरडताहेत.

पाणी उकळून पीफास जात नाही. आरओ तो बराचसा अडवतो, पण अडवलेला मोरीतून बाहेरच जातो. न्यूझीलंड 2026 अखेरपासून प्रसाधनांतून पीफासला हद्दपार करतंय. आपल्याकडे निदान लोटे परिसरातल्या विहिरींचे आणि वाशिष्ठी नदीचे नमुने आत्ताच घेऊन आकडे जाहीर व्हावेत, म्हणजे पुढच्या तपासणीला तुलनेसाठी काहीतरी हाताशी राहील.