पाणी येईपर्यंत

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी काही आठवडे दिव्याच्या ज्योतीकडे टक लावायला मनाई केली. तेव्हापासून वर्गात त्राटक, म्हणजे हेच टक लावून बघणं, घेताना मी समोर बसलेल्यांच्या तोंडाकडे बघू लागलो.

‘सर, किती मिनिटं?’ कर्जतच्या वर्गात नवा माणूस पहिल्याच दिवशी विचारतो. हठप्रदीपिकेची पोथी मिनिटं सांगत नाही. डोळ्यांना पाणी येईपर्यंत, एवढंच म्हणते. वर्षानुवर्षं मीही तेच सांगत आलो. पण हे पाणी मोजतं काय? पावसाळ्यात माथेरानचा डोंगर ढगात गेला की हवा ओलसर होते आणि माणूस बराच वेळ टिकतो. चैत्रात डोक्यावर पंखा गरगरत असला की तोच माणूस लगेच डोळे पुसतो. म्हणजे हिशेब बुबुळावरच्या ओलाव्याचा झाला, मन बाजूलाच राहिलं. माझ्या वयात तर डोळे उगाचच पाझरतात. तरुणपणी मी पापणी न लववता बसायचो, पण वर्ग बघत असला की जरा जास्तच. त्यात साधना किती होती, ते न विचारलेलं बरं.

विवेकानंदांच्या ‘राजयोगा’त कूर्मपुराणाच्या आधारानं एक हिशेब दिला आहे: मन 12 सेकंद एका जागी राहिलं तर धारणा, अशा 12 धारणांचं एक ध्यान. म्हणजे 144 सेकंद, अडीच मिनिटंही नाहीत. इगतपुरीला विपश्यनेत तासातासाच्या बैठका होतात. पण तिथं दहा दिवस दुसरा उद्योग नसतो. खोपोलीच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेल्याला तो तास कसा लावायचा? पतंजली दीर्घकाळ सांगतो, तो महिन्या-वर्षांचा. आणि आमच्याकडच्या फार्महाऊसांवर शनिवार-रविवारी जे ध्यान विकलं जातं, ते नाश्ता तयार झाला की संपतं. त्यांची फी माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, म्हणूनही मी हे म्हणत असेन.

तोंडं बघताना दिसलं ते असं: पाणी यायच्या बरंच आधी जबडा आवळतो, मग कपाळाला आठी पडते. तिथून पुढची मिनिटं नुसत्या हट्टाची. आता जबडा आवळला की मी डोळे मिटायला सांगतो. मिटल्या डोळ्यांपुढे ज्योत दिसते तोवर स्वस्थ बसायचं, मग दुसरी फेरी. नवख्याची एक फेरी दोन-तीन मिनिटांत आटपते. पैसे वसूल झाले नाहीत, अशी कुरकुर होते, होऊ दे.

काचबिंदू असेल किंवा फिट येत असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ज्योतीपुढे बसू नका. बाकीच्यांनी घड्याळ दुसऱ्या खोलीत ठेवावं आणि थोडंच, पण रोज बसावं.