भरलेलं मैदान

ठाणे,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय अक्का,


अंतिम सामन्याच्या रात्री फोनवर मी धड बोलूच शकले नाही. तू विचारत होतीस आणि मी नुसती रडत होते. आठवडा झाला, आता नीट लिहिते.

मुलींच्या वर्ल्ड कपचे सामने बंगळूरहून हलवून नवी मुंबईला आणल्याची बातमी ऑगस्टमध्ये आली, तेव्हाच मी तुझ्या भाचीला सांगून ठेवलं होतं की अंतिम सामन्याला मी जाणार, मग कोणीही खेळो. भारत मधे लागोपाठ तीन सामने हरला तेव्हा ती म्हणाली, ‘‘आई, आपली टीम नसली तर?’’ तरी मी जाणारच होते. ३० ऑक्टोबरला उपांत्य सामन्यात जेमिमानं नाबाद १२७ केल्या, ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा पार झाल्या आणि तिकिटांवर झुंबड उडाली. दोन तिकिटं कशीबशी मिळाली. तिसरं तुझ्यासाठी हवं होतं, पण तुझा गुडघा तयार नव्हता.

दुपारच्या लोकलनं नेरूळला उतरलो. डब्यात निळे शर्ट घातलेल्या मुली होत्या, आणि अक्का, मुलगेही होते. त्यांच्या पाठीवर ‘स्मृती’, ‘हरमनप्रीत’, ‘जेमिमा’ अशी नावं. पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा मित्राला दीप्ती शर्माची गोलंदाजी हात फिरवून दाखवत होता. मी त्याच्याकडे बघतच राहिले.

मग पाऊस. नोव्हेंबरात! तीनचा सामना पाचला सुरू झाला. दोन तास पिचवरची कव्हरं बघत बसलो होतो, पण जागेवरून कोणी हललं नाही. त्या दोन तासांत मला सारखं १९७३ आठवत होतं. मी नऊ वर्षांची, तू कॉलेजात. पुण्यात मुलींची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तीनच संघ होते, आणि तू मला सायकलवर डबलसीट घेऊन गेलीस. पुढे तुम्ही मुलींनी कॉलेजात टीम काढली. मैदान कधी मिळायचं, तर मुलांचा सराव संपल्यावर, उजेड जाताना. पॅड मुलांचे टाकलेले, पट्टे तुटलेले. आईनं नाडी शिवून दिली होती. ‘‘बघायला कोण येणार आहे तुम्हाला?’’ असं सर म्हणाले होते. ते वाक्य तू घरी येऊन एकदाच सांगितलंस. मी मात्र विसरले नाही.

म्हणूनच आपण २०१३ साली ब्रेबॉर्नवर गेलो होतो ना? वर्ल्ड कप मुंबईत, आणि तोही वानखेडेवरून हलवलेला, कारण तिथे रणजीची अंतिम लढत होती. श्रीलंकेनं आपल्याला १३८ धावांनी हरवलं. हरण्यापेक्षा त्या रिकाम्या खुर्च्या मला जास्त लागल्या. चेंडू बॅटीवर बसल्याचा आवाज आपल्यापर्यंत स्वच्छ येत होता, इतकी शांतता. परतताना तू चर्चगेटपर्यंत एक शब्द बोलली नाहीस. पुढे २०१७ला लॉर्ड्स भरलेलं टीव्हीवर पाहिलं, नऊ धावांनी हरलो. तेव्हापासून माझी एकच इच्छा होती: आपल्याकडचं मैदान आपल्या मुलींसाठी भरलेलं बघायचं.

ते बघितलं. जवळपास चाळीस हजार माणसं होती, अक्का.

सामना तू पाहिलास, त्यामुळे धावसंख्या सांगत बसत नाही. टीव्हीवर न दिसलेलं सांगते. स्मृती आणि शफाली खेळायला आल्या तेव्हा आमच्या मागच्या रांगेतल्या बाई ‘‘आमच्या सांगलीची!’’ म्हणून ओरडल्या. तुझ्या गावाचं नाव ऐकून मीही ओरडले. शतकी भागीदारी झाली, स्मृती ४५वर गेली, पण शफालीनं ८७ केल्या. ही मुलगी मुळात संघातच नव्हती. प्रतिका रावळ जखमी झाली म्हणून उपांत्य सामन्याआधी तिला बोलावलं. आणि हरमनप्रीतनं तिच्या हाती चेंडू दिला तेव्हा शेजारचे गृहस्थ ‘‘हिला कशाला?’’ म्हणाले. दुसऱ्याच चेंडूवर तिनं स्वतःच्याच गोलंदाजीवर झेल घेतला, पुढच्या षटकात दक्षिण आफ्रिकेची काप गेली. गृहस्थ उभे राहून टाळ्या वाजवत होते.

व्होलव्हार्ट खेळत होती तोवर पोटात गोळा होता. शतक झालं तेव्हा लोकांनी तिलाही टाळ्या दिल्या, हे मला फार आवडलं. मग तिचा तो उंच फटका. अमनजोतच्या हातून चेंडू एकदा निसटला, पुन्हा निसटला, तिसऱ्यांदा हातात राहिला. तेवढ्या वेळात चाळीस हजार माणसांनी श्वास धरलेला मी कानांनी ऐकला. ब्रेबॉर्नवरची शांतता आठवली. पण या शांततेत सगळे होते.

मध्यरात्रीच्या सुमारास हरमनप्रीतनं मागे पळत शेवटचा झेल घेतला. ५२ धावांनी विजय, दीप्तीचे पाच बळी. पलीकडे प्रशिक्षक अमोल मुझुमदार. शाळेत असताना तेंडुलकर-कांबळीच्या ६६४च्या भागीदारीत पॅड बांधून बसून राहिलेला, पुढे मुंबईसाठी ढिगानं धावा करूनही भारताची टोपी न मिळालेला. त्याच्याइतकं वाट बघणं कोणाला माहीत असणार?

आणि मग त्या मुलींनी करंडक झुलन, मिताली आणि अंजुमच्या हाती दिला. झुलन रडली. त्या निवृत्त झालेल्या बायांना मैदानावर बोलावून हातात करंडक देणं, याहून मोठं मी खेळात काही पाहिलेलं नाही. मला त्या रांगेत तू दिसत होतीस, तुझी टीम दिसत होती, नाडीचे पॅड बांधलेली.

तुझी भाची म्हणाली, ‘‘आई, बस, पाय दुखतील.’’ मी एक वाजेपर्यंत उभीच होते.

आता एक ऐक. पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर मुलींचा पुढचा सामना जेव्हा केव्हा होईल, तेव्हा तू येणार आहेस. तीन तिकिटं काढणार. पायऱ्या कितीही असोत, हात धरायला मी आहे. गुडघ्याचं डॉक्टरांना आजच विचार आणि मला कळव.

तुझी,
छोटी