अकराव्या पानावरचं नाव

वाचनालयातून आणलेल्या बाबूराव अर्नाळकरांच्या एका पुस्तकात कुणीतरी अकराव्या पानावरच पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, ‘खुनी मामा आहे.’ मी सातवीत होतो. रडलोच. बाबांनी खोडरबराने ते पुसलं, पण कळलेलं कसं पुसणार? झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू यांची ओळख मला बाबांनीच करून दिलेली. शेवटचं पान आधी वाचणं हा आमच्या घरात गुन्हा होता.

२००७च्या सप्टेंबरअखेरीस श्रीराम राघवन यांचा ‘जॉनी गद्दार’ लागला. धर्मेंद्र आहे म्हटल्यावर बाबा लगेच निघाले. नेरूळहून लोकलने वाशीला गेलो. पाच भागीदार, प्रत्येकाचे पन्नास लाख, एकूण अडीच कोटी. पैसे घेऊन निघालेल्या शिवाला रेल्वेत गाठून ते लुबाडायचे, असा त्यांच्यातल्याच विक्रमचा बेत. हा गद्दार कोण, ते दिग्दर्शक आपल्याला सुरुवातीलाच दाखवून टाकतो. युक्तीसुद्धा विक्रमला सुचते ती ‘परवाना’ बघून. बाबांनी १९७१मध्येच ‘परवाना’ पाहिलेला, त्यामुळे रेल्वे आणि विमानाची ती चलाखी त्यांना पाठ होती.

“संपला की रे सिनेमा!” ते कुजबुजले. मला अकरावं पान आठवलं.

पण शिवा गेल्यावर उरलेले भागीदार ‘हे कुणी केलं असेल’ म्हणून डोकं धरून बसतात आणि विक्रम त्यांच्यातच असतो, तिथून बाबांचा हात माझ्या मनगटावर आला. कुणी त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं की पकड घट्ट व्हायची. धर्मेंद्रचा शेषाद्री मायेने बोलायला लागला की मला खुर्चीत बसवेना. त्याला माहीत नव्हतं, आम्हाला माहीत होतं, आणि सांगायची सोय नव्हती.

परतीच्या गाडीत सानपाडा जाईपर्यंत बाबा गप्प होते. जुईनगरला म्हणाले, “खुनी कळला आणि मी त्याचीच काळजी करत बसलो. तो पकडला जाऊ नये असं वाटत होतं मला. हे काही बरं नाही.” त्यांचा आवाज खरोखरच अस्वस्थ होता.

पुढे हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ (१९५८) पाहिला. मूळ फ्रेंच कादंबरी शेवटापर्यंत राखून ठेवते ते रहस्य हा माणूस बऱ्याच आधी प्रेक्षकाच्या हाती देतो आणि बिचाऱ्या नायकाला मात्र अंधारातच ठेवतो. वाशीतल्या त्या रात्रीची धडधड तिथे पुन्हा भेटली. उलट मागच्या वर्षी सीवूड्सला एक रहस्यपट पाहिला. त्यात कॅमेरा एका साध्याशा शेजाऱ्यावर नको तेवढा रेंगाळला, मध्यंतराआधीच सगळं उघडं पडलं, आणि पुढचा तासभर पोलीस तेच शोधत राहिले. दिग्दर्शकाने ते सांगितलं नव्हतं, त्याच्या हातून सांडलं होतं. फार वाईट वाटलं. एवढ्या लोकांची मेहनत असते.

‘जॉनी गद्दार’ पाहून परतलो त्या रात्री नेरूळला उतरताना बाबा म्हणाले, “ते मामाचं पुस्तक आण रे. आता वाचून बघू.”

नाव दोघांनाही आठवेना. मामा तेवढा लक्षात होता.