सावलीतले जिरेनियम

ज्यांच्या घरी दीर्घकाळचा रुग्ण आहे, त्यांना हे सांगावयास नको की हाती घेतलेले कोणतेही काम पूर्ण होईल याची शाश्वती नसते. फोडणीत मोहरी पडते न पडते तोच हाक येते. पत्र लिहावयास बसावे, तर औषधाची वेळ होते. मी चाळीस वर्षांहून अधिक काळ इंग्लंडच्या उत्तर भागात राहते आहे आणि गेली सात वर्षे माझ्या यजमानांना पार्किन्सनचा आजार आहे. अशा परिस्थितीत अर्धवट टाकलेले काम निमूटपणे सहन करणारी एक वनस्पती मला लाभली. तिच्याविषयी आपणांस सांगावेसे वाटते.

आमची मागची बाग उत्तराभिमुख. घराची सावली अर्ध्या जागेवर आणि उरलेल्या अर्ध्यावर शेजारच्या सिकॅमोर वृक्षाची. अशा वृक्षाखालची सावली कोरडी असते. पाऊस पानांवरच अडतो, आणि जो खाली पोहोचतो तो मुळे शोषून घेतात. यजमान धडधाकट असताना त्यांनी तेथे होस्टा लावले होते. त्यांची कोवळी पाने गोगलगायी रातोरात फस्त करीत आणि हे विजेरी घेऊन त्यांच्या मागावर निघत. आजार आल्यावर विजेरी खणात गेली आणि बाग मी सोडून दिली.

एके दिवशी शेजारच्या वृद्ध बाईंनी वर्तमानपत्रात गुंडाळलेले काही जाडसर खोडांचे तुकडे आणून दिले. ‘जिरेनियम आहे, सावलीत लावा,’ एवढेच म्हणाल्या. मी खुरपे हाती घेतले आणि आतून हाक आली. पुडके दोन दिवस दाराशी तसेच पडून राहिले. तिसऱ्या दिवशी ओशाळून ते तुकडे मातीत खोचले. त्यांतील एकही मेला नाही.

जिरेनियम म्हटले की आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर महाबळेश्वर-पाचगणीकडील बंगल्यांच्या पायऱ्यांवरच्या लाल फुलांच्या कुंड्या येतील. ते खरे तर पेलार्गोनियम. अलीकडे आपल्याकडे तेलासाठी शेतात लावतात, तेही तेच. त्याचे मूळ मुख्यतः दक्षिण आफ्रिकेत. कडक हिमात ते टिकत नाही. लिनियसने 1753 मध्ये ही दोन्ही एकाच कुळीत घातली. लेरितिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने 1789 मध्ये ती वेगळी केली. पण बाजाराने जुने नाव सोडले नाही. खरे जिरेनियम थंडी सोसणारे आणि बहुवर्षायू. ग्रीक भाषेत क्रौंच पक्ष्याला ‘गेरानोस’ म्हणतात, त्यावरून हे नाव आले, कारण याचे फळ क्रौंचाच्या लांब चोचीसारखे दिसते. फळ वाळले की त्याच्या पाच पट्ट्या एकदम वर वळतात आणि बिया गोफणीतून सुटाव्यात तशा दूर उडतात.

माझ्याकडे आलेला प्रकार ‘मॅक्रोऱ्हायझम’, म्हणजे मोठ्या मुळांचा. तो दक्षिण युरोपातील डोंगरांत वाढतो. लावण्याची रीत सोपी आहे. खोडाचा वीतभर तुकडा तिरपा ठेवून पानांचा झुबका मातीवर राहील एवढाच पुरावा. दोन रोपांत हातभर अंतर पुरे. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा झारीभर पाणी द्यावे लागते, पुढे फारसे नाही. शरदात सिकॅमोरचीच कुजलेली पाने वर पसरावीत. दोन-तीन वर्षांत पानांचा असा दाट गालिचा होतो की तणाला जागा उरत नाही. मे-जूनमध्ये त्यावर गुलाबी फुले येतात. गोगलगायींना तो विशेष रुचत नाही.

त्याच्या पानांना उग्र, राळेसारखा सुगंध असतो. एकदा एक पान चुरगळून मी यजमानांच्या नाकाशी धरले. ‘अहो, ओळखा पाहू.’ ते माझ्याकडे नुसते पाहत राहिले. ‘अगं, कसला वास? मला तर काहीच येत नाही.’ पुढच्या तपासणीत मी हे सांगितले, तेव्हा तेथील परिचारिकेने समजावले की या आजारात पुष्कळांची गंधाची जाणीव हाताला कंप सुटण्याच्या कितीतरी वर्षे आधीच मंदावते. मला एकदम एक जुनी सकाळ आठवली. निदानाच्या चारेक वर्षे आधी, शेगडीवर दूध करपून घरभर वास सुटला होता आणि हे शेजारीच वर्तमानपत्र वाचीत बसले होते. मी त्यांना नाही नाही ते बोलले होते. त्या रात्री त्यांची क्षमा मागितली. त्यांना ते दूध आठवतही नव्हते. आपल्या घरात कोणाला वास येईनासा झाला, तर त्यामागे सर्दीसारखी साधी कारणेही असू शकतात. तरी तक्रार दीर्घकाळ टिकल्यास डॉक्टरांच्या कानावर अवश्य घालावी. रागावण्यापूर्वी तर नक्कीच.

वास गेला, तरी हात होते. या झाडाची वाळकी पाने काढावयास कात्री लागत नाही; ओढली की ती निघून येतात. थरथरत्या हातालाही हे काम जमते आणि चुकून हिरवे पान आले तरी झाडाचे बिघडत नाही. यजमान खुर्चीवर बसून टोपलीभर पाने काढीत. दाराच्या उंबऱ्याशी त्यांचे पाय जमिनीला खिळत. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने तेथे रंगीत पट्ट्या चिकटविल्या, तेव्हा पट्टी ओलांडण्याच्या निमित्ताने पाऊल उचलले जाऊ लागले. फरशीवर पसरणारी जिरेनियमची खोडे मात्र मी निष्ठुरपणे छाटते. पायात अडकणारे सौंदर्य आपल्या घरात नको.

माझ्या स्वतःच्या चुकीविषयीही लिहिले पाहिजे. एका दुपारी गुडघ्यांवर बसून तासभर काम केले आणि एकदम उठले. डोळ्यांपुढे अंधारी आली व मी ओल्या गवतावर कोसळले. हाड मोडले नाही. पण तेथे पडल्या पडल्या एकच विचार मनात होता, की आत यांच्या चारच्या गोळ्या कोण देणार? मी रक्तदाबाचे औषध घेते, वाकून एकदम उठू नये हे मला ठाऊक होते. आता दोन्ही बाजूंना धरावयास दांडे असलेले गुडघे टेकण्याचे बाकडे आणले आहे, फोन खिशात असतो आणि वीस मिनिटांचा गजर लावते. गजर झाला की अर्धे उपटलेले तण तसेच सोडून उठते.

उन्हाची किनार लाभलेल्या एका कोपऱ्यात मी ‘रोझॅन’ लावले आहे. चेल्सीच्या पुष्पप्रदर्शनात 2013 मध्ये त्याला शतकातील रोप म्हणून निवडले होते. सॉमरसेटमधील एका बागेत आपोआप उगवलेला हा संकर. त्याचे आईबाप दोन्ही हिमालयातील जातींचे. आपल्या भागातले पाहुणे म्हणून त्याचे मला कौतुक. पण महाराष्ट्रातील मैदानी उष्म्यात ही झाडे लावण्याच्या फंदात कृपया पडू नका. अर्ध्या सावलीच्या गॅलरीत पानओवा लावावा; त्याचाही तुकडा खोचला की रुजतो आणि पान चुरगळले की दरवळतो.

यंदा उन्हाळ्यापासून यजमान बागेत उतरत नाहीत. खुर्ची आता स्वयंपाकघराच्या खिडकीशी असते, आणि जमिनीलगतचा गालिचा तेथून दिसत नाही. म्हणून ‘फेअम’ हा उंच प्रकार खिडकीसमोर हलवावयाचा आहे. तो कमरेपर्यंत वाढतो. मेमध्ये त्याला काळसर जांभळी, खाली मान घातलेली लहान फुले येतात आणि मधमाश्या दिवसभर त्यांना लोंबकळतात. ऑक्टोबरच्या आरंभी जमीन अजून उबदार असते. मुलगा पहिल्या शनिवारी येणार आहे. खणणे त्याचे, जागा कोणती, ते यजमान आतून बोटाने दाखविणार आहेत.