घरच्या गॅरेजचा हिशेब

वाळूज येथे 1985 साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि दुचाकीचे अंतरंग जाणणारा एखादा तरी शेजारी छत्रपती संभाजीनगरच्या वसाहतींत आढळू लागला. त्याचे पाहून व्यापारी घरातील तरुणही दुकानाच्या सुटीत अंगणात पाना-पेचकस मांडून बसतो. मजुरीचे चार पैसे वाचतात आणि हातास श्रमाची सवय लागते. हौस स्तुत्यच, मात्र तिच्या जमेबरोबर नावेची बाजूही मांडावयास हवी.

ऑइल बदलताना तळाचा बोल्ट नको इतका आवळला, की इंजिनच्या ॲल्युमिनियम कवचातील आटे जातात आणि वाचलेल्या मजुरीहून मोठा खर्च उभा राहतो. ही हानी निदान पैशाने भरून निघते. चेनचे तसे नाही. श्रम वाचावेत म्हणून काही जण गाडी मेन स्टँडवर घेऊन, इंजिन गिअरमध्ये चालू ठेवून फिरत्या चेनवर फडके धरतात. फडके स्प्रॉकेटच्या दातांत ओढले जाते आणि त्यामागोमाग बोटही. क्षणात पेर तुटते.

नियम साधा आहे. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. चाक हाताने थोडे थोडे फिरवावे, ते थांबल्यावरच चेनला ब्रश लावावा आणि बोटे स्प्रॉकेटपासून दूर ठेवावीत. यास थोडा वेळ अधिक लागतो, इतकेच.

म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनी मुलाची हौस मोडू नये. आधी गाडीची किल्ली मागून घ्यावी, मग चेन पुसण्यास परवानगी द्यावी.